४० पैकी १७

१४ जुलै २०२४ रोजी आपल्या इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली, विक्रम झाला. त्याच पावसाळ्यात आमच्या क्लबनेही बगिच्यामागे ४० कडुनिंब लावले. फोटोत आम्ही ३० जण आहोत. मे महिन्यात पाणी घालायला उरलो मी आणि शेजारचे काका. एकदा मीही परीक्षेचं कारण सांगून दांडी मारली. खरं तर ऊन सोसवत नव्हतं. गॅलरीतून पाहिलं, तर ७२ वर्षांचे काका एकटेच बादल्या वाहत होते. धावत खाली गेले. ते काही बोलले नाहीत, फक्त एक बादली माझ्याकडे सरकवली.

१७ झाडं जगली. क्लबच्या अहवालात मात्र अजून ४०च आहेत. रविवारच्या बैठकीत तो आकडा दुरुस्त करा म्हणणार आहे.