लालडीचे कोंदण

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास इंग्रज सरकारने 1885 च्या नोव्हेंबरात मंडालेच्या राजवाड्यातून हलवून पुढल्या वर्षीच्या एप्रिलात रत्नागिरीस आणले. आणि ज्याच्या मुलखातील मोगोकच्या खाणींतून जगातील उत्तमोत्तम माणके निघत, ठरावीक वजनावरचा खडा कायद्यानेच ज्याच्या खजिन्यात जमा होई, तो पुरुष 1916 च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत आमच्या गावी सरकारी तनख्यावर नजरकैदेत राहिला. तनखा पुरेना, कर्ज वाढे, तसतशी बरोबर आणलेली रत्ने विक्रीस निघत. त्याचे विख्यात माणिक ‘ङामौक’ आपण इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन यांच्या स्वाधीन केले होते, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. ते त्यास परत लाभले नाही.

विकलेल्या दागिन्याची गत ठरलेली असते. खडा निखळतो, सोने मुशीत जाते, आणि त्या खड्याच्या शेजारी कोण बसले होते हे पुढे कोणासच ठाऊक राहत नाही. आमच्या घरीही तांबडा खडा आला तो असाच, सुटा, कागदाच्या पुडीत. आणि तो थिबाच्या पेटीतलाच, असे आजी निःशंकपणे सांगे. त्यास पुरावा नाही, आणि मी शोधतही नाही. तिच्या पश्चात खडा माझ्याकडे आला तेव्हा रत्नपरीक्षकाने निर्वाळा दिला, की हे माणिक नव्हे, लालडी आहे.

हा निर्वाळा घरात काहींना अपमानासारखा वाटला. मला वाटला नाही. माणिक आणि लालडी मोगोकच्या एकाच संगमरवरी खडकात जन्मतात, दोहोंची लाली क्रोमियमचीच. परंतु माणकातून प्रकाश दुभंगून जातो आणि दिशा बदलली की त्याची छटाही बदलते, तर लालडीत तो एकसंध जातो व कोणत्याही अंगाने पाहिले तरी तिचा रंग तोच राहतो. हा भेद युरोपात 1783 साली रोमे द लील याने स्पष्ट केला. मोगलांनी मात्र ‘लाल’ म्हणून ती मुळातच प्रिय मानली होती, आणि इंग्रजांच्या राजमुकुटाच्या अग्रभागी मिरवणारे ‘काळ्या राजपुत्राचे माणिक’ ही लालडीच आहे. तिच्याखाली 1909 पासून तीनशे कॅरटांहून मोठा कलिनन हिरा बसवलेला आहे. छायाचित्रांत पाहावे तर दृष्टी प्रथम त्या हिऱ्यावर जाते आणि लालडीपर्यंत पोहोचायला क्षणभर विलंब होतो. मोठ्याच्या जवळ बसणे ही संगत नव्हे, असे मला त्या मुकुटाकडे पाहून ठामपणे वाटते.

हा खडा दागिन्यात बसवायचा, तर त्याच्या शेजारी कोण? माणिक असते तर प्रश्नच नव्हता. नवरत्नांच्या मांडणीत मध्यभागी सूर्याचे माणिक आणि सभोवती आठ दिशांना आठ रत्ने, हा क्रम शास्त्रानेच लावून दिला आहे. लालडीस त्या पंक्तीत स्वतःचे आसन नाही. माणकाची बदली म्हणून उपरत्नांत तिला जागा मिळते. ती बदलीची जागा तिला द्यायची नाही, एवढे मी प्रथम ठरवले, आणि मग शेजार निवडण्याचा भार माझ्यावर आला.

सराफाने हिरे सुचवले. हिरा प्रकाश फेकतो, लालडी तो आत घेऊन संथपणे परत देते. दोन्ही एकत्र आली की मंद बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. पाचू पारंपरिक खरा, आणि हिरव्याजवळ तांबडा रंग उठूनही दिसतो, परंतु ते उठून दिसणे विरोधातून येते, आणि रोज अंगावर वागवायच्या वस्तूत मला सततचा विरोध नको होता. अखेर मन मोत्यांवर स्थिरावले. आमच्याकडील नथीत आणि कुडीत तांबड्या खड्याभोवती मोत्यांचीच वस्ती असते, आणि मोत्याचे तेज पृष्ठावरचे, दुधी. ते लालडीच्या खोल रंगाशी स्पर्धा करीत नाही. अडचण एकच. मोती मऊ, लालडी त्याहून कितीतरी कठीण, आणि कोकणातील घाम मोत्याची झळाळी खातो. अंगठीत दोघांना घासत ठेवणे हा मोत्यांवर अन्याय. म्हणून पदक.

कोंदणाविषयी मात्र मी परंपरेशी फारकत घेतली. जुन्या पद्धतीत खड्याच्या पाठीशी चकचकीत पत्रा ठेवून शुद्ध सोन्याने कडा दाबून बंद करीत. फिकट खड्यास त्याने जीव येई. परंतु वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात ओल आत शिरते आणि पत्रा काळवंडतो. शिवाय ह्या खड्यास उसन्या तेजाची गरज नाही. दिवसाच्या उजेडातील जंबुपार किरण लागताच लालडी आपली प्रभा आपणच प्रकट करते. पाठ उघडी ठेवायला सांगितली. बावीस कॅरटचे सोने नख्यांना मऊ पडते, म्हणून नख्या अठरा कॅरटच्या, बाकी पदक बावीसचे, कारण पिवळ्याधमक सोन्यात तिचा रंग ऊबदार होतो आणि पांढऱ्या धातूत कोरडा.

नख्या चारच, आणि हलक्या हाताने उघडता येतील अशा. ज्या मुलीकडे हा खडा पुढे जाईल तिला मोत्यांहून वेगळी संगत रुचली, तर तिने सोने न मोडता खडा सोडवून घ्यावा. आणि ह्या वेळचे शेजारी कोण होते, ते तिला कळावे म्हणून पदकाचे रेखाटन, मोत्यांची संख्या व खड्याचे वजन मी आजीच्या त्या पुडीच्या कागदावरच लिहून ठेवले आहे.