काळी माती, मुरूम आणि कापलेला पाइप

वारज्याची जमीन टेकडीकडून मुठेकडे उतरत जाते. वरच्या अंगाला मुरूम आणि त्याखाली कातळ, मधून मुंबई–बंगळूर महामार्ग, आणि नदीच्या बाजूला काळी, गाळाची माती. १९९७ साली गाव पुणे महापालिकेत आलं आणि पुढच्या काही वर्षांत या सगळ्या उतारावर बंगले, रो-हाउस, लहान सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यातल्या बऱ्याच घरांचं वायरिंग माझ्या हातचं आहे. अर्थिंगही.

जमीन बदलत होती, माझा खड्डा मात्र सगळीकडे तोच. तापकीर गल्लीतून आणलेला अडीच मीटरचा जी.आय. पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर विटांचं चेंबर आणि झाकण. मिस्त्रींच्या हाताखाली असंच शिकलो होतो आणि त्यावर कधी प्रश्न पडला नव्हता. खड्ड्यात मिठाची गोणी रिकामी होताना मालक समोर उभे असायचे, त्यांनाही काम पक्कं झाल्यासारखं वाटायचं.

तपासणीही ठरलेली होती. १०० वॅटचा पिवळा दिवा घ्यायचा, एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. दिवा लखलखला की काम पास. मालकाला बोलावून दाखवायचं, पैसे घ्यायचे. या दिव्यावर मी अनेक वर्षं विश्वास ठेवला, आणि माझ्या बाकीच्या चुका त्याच्याच उजेडात लपून राहिल्या. हिशेब अगदी साधा आहे. १०० वॅटच्या दिव्याला अर्धा अँपियरसुद्धा करंट लागत नाही. जळत्या दिव्याचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. त्याच्यापुढे खड्ड्याचे तीसचाळीस ओहम म्हणजे काहीच नाही, दिव्याला दोनशेच्या वर व्होल्ट मिळतातच. म्हणजे खड्डा चांगला असो की टाकाऊ, दिवा तेवढाच लागतो. अर्थिंगची वायर कुठे तुटलेली नाही, एवढंच त्यावरून कळतं. शॉर्ट झाल्यावर ते जमिनीत किती करंट जाऊ देईल, हे त्यावरून कळत नाही.

माझी सगळ्यात वाईट चूक टेकडीच्या अंगाला झाली. तिथे वर वीतभर माती, मग तांबूस मुरूम, आणि तीन-साडेतीन फुटांवर पहार टणकन वाजते. सह्याद्रीचा हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो घणाला दाद देत नाही. एका बंगल्यावर आमचा पाइप असाच अडला. संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी स्लॅबचं काम लागणार होतं. मुलगा म्हणाला, “दादा, आता खाली जाईना.” मी हॅक्सॉ मागवला, वर राहिलेला पाइप कापला, चेंबर बांधलं आणि झाकण लावलं. जमिनीत जेमतेम एक मीटर पाइप होता. मालकाला मी ते सांगितलं नाही. दिवा लावून दाखवला, तो लखलखला.

पुढे त्या घरातल्या काकूंचा फोन आला. सकाळी फ्रीज उघडताना हाताला मुंग्या येतात, कधी जोराचा झटका बसतो. मी गेलो तेव्हा दुपार होती. फ्रीजला टेस्टर लावला, काही नाही. प्लग काढून वायर बघितली, ठीक होती. फ्रीजच्या मेकॅनिकला बोलवा आणि तोवर पायात चप्पल घालून फ्रीज उघडा, असं सांगून मी निघालो. मेकॅनिकलाही काही सापडलं नाही. काही दिवसांनी त्या अनवाणी, ओल्या हातांनी फ्रीजकडे गेल्या आणि दांड्याला हात लागताच मागे फेकल्या गेल्या. खांदा निखळला. भिंत जवळ होती म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही.

त्या वेळी मी सकाळी गेलो आणि घर रोजच्यासारखं चालू ठेवायला सांगितलं. गिझर लावताच टेस्टर फ्रीजच्या दांड्यावर पेटला. गिझर बंद केला की विझायचा. गिझरचं एलिमेंट फुटून पाण्यात करंट उतरत होता, गिझरच्या अंगावर येत होता आणि तिथून अर्थिंगच्या हिरव्या वायरने बोर्डापर्यंत. इथून तो माझ्या खड्ड्यात जायला हवा होता. खड्डा त्याला वाट देत नव्हता, म्हणून तो त्याच हिरव्या वायरने फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सरचा बोर्ड, जिथे जिथे अर्थिंग पोचवलं होतं तिथे सगळीकडे पसरला. माझं अर्थिंग नसतं तर शॉक न्हाणीघरापुरता राहिला असता. मी तो घरभर नेऊन ठेवला होता. हे समजलं तेव्हा मला काकूंसमोर उभं राहवेना.

त्यानंतर अर्थ टेस्टर विकत घेतला आणि तो वापरायला एका जुन्या ओव्हरसियर साहेबांकडून शिकलो. त्यांनी अर्थिंगचं भारतीय मानक, आयएस ३०४३, हातात ठेवलं आणि एक सूत्र कागदावर मांडून दाखवलं. ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब पाइप घ्या. जमिनीची रोधकता १० ओहम-मीटर असेल, ओल्या काळ्या मातीत ती इतकी कमी असू शकते, तर खड्ड्याचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास येतो. तीच १०० असेल तर ३५ ओहम. १००० असेल तर साडेतीनशे. पाइप तोच, मजुरी तीच. आणि १०० ओहम-मीटरच्या जमिनीत माझ्यासारखा एक मीटर पाइप ठेवला, तर रोध सत्तरच्या पुढे जातो. २३० व्होल्टला ७० ओहमने भागलं तर सव्वातीन अँपियर. गिझरचा एमसीबी १६ अँपियरचा होता. सव्वातीन अँपियरला तो जन्मात पडणार नाही. काकूंच्या घरी तो रोज सकाळी शांतपणे वर उभा राहायचा, त्याचं कारण हे.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. पाइपचा व्यास दुप्पट केला तर रोध जेमतेम आठव्या हिश्श्याने उतरतो. लांबी दुप्पट केली तर जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि मी मुरमाच्या जागी कधी कधी जाड पाइप विकत होतो. गिऱ्हाइकाने मोजलेले ते जादा पैसे वाया गेले. कातळाच्या जागी बोअरचं मशीन आणून खोल भोक पाडायला हवं होतं, नाहीतर मुरमात आडवा चर खणून लांब पट्टी पुरायला हवी होती. दोन पाइपही चालतात, पण त्यांच्यात पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतर हवं. मी एकदा एकाच चेंबरमध्ये हातभर अंतरावर दोन पाइप ठोकले होते. ते दोघं मातीच्या त्याच तुकड्यावर अवलंबून होते, दुसऱ्याचा उपयोग फारसा झाला नाही.

खालच्या काळ्या मातीत माझी चूक उलट्या दिशेची. तिथे पाइप लोण्यात सुरी शिरावी तसा जायचा, म्हणून मी त्या जागांकडे नीट बघितलंच नाही. टेस्टर आल्यावर ऑगस्टमध्ये नदीकडच्या एका घरी रीडिंग घेतलं, दोन ओहमच्या आत होतं. वहीत लिहून समाधानाने परतलो. पुढच्या मेमध्ये मोटारीच्या कामासाठी तिथेच जाणं झालं. चेंबरचं झाकण उघडलं तर पाइपच्या एका बाजूने माती सुटून उभी फट पडली होती, माझं बोट पेरापर्यंत आत गेलं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, शेतातल्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. तीच भेग माझ्या पाइपला चिकटून पडली होती. रीडिंग कितीतरी पटींनी वर गेलं होतं. रीडिंग घ्यायचं ते एप्रिल-मेमध्ये, आणि पाइप असा न्यायचा की त्याचं टोक बारमाही ओल्या थरात राहील. पाइपभोवती बेंटोनाइट भरलं की काम झालं असंही मानू नये. तीही चिकणमातीच, काळ्या मातीच्याच जातीची. कोरड्या मुरमात पाण्याविना ठेवली तर तीही आकसते.

मिठाचं तर बोलायलाच नको. मुरमातून पावसाचं पाणी झरझर उतरतं, चार पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं. जाताना जी.आय.चा जस्ताचा थर खाऊन जातं. एक जुना पाइप उपसायला घेतला तेव्हा जमिनीपासून फूटभर खाली तो हातातच तुटला. आतून गंजाचे पापुद्रे निघाले. खालचा तुकडा तसाच जमिनीत राहिला.

भरावाच्या प्लॉटची गोष्ट थोडक्यात सांगतो. ओढ्याकाठी राडारोडा टाकून सपाट केलेली जागा होती. वरून लाल माती पसरलेली, म्हणून मला ती मूळ जमीन वाटली. खाली विटांचे तुकडे, फरश्या, प्लॅस्टिक आणि मधे मधे नुसती हवा. पाइपला लागून मातीच नव्हती.

टेस्टर हातात आल्यावरही एक चूक केली, आणि ती जास्त लागते, कारण तेव्हा मला कळायला हवं होतं. एका जुन्या दुमजली घरात अर्थिंगची पट्टी खड्ड्यातल्या पाइपपासून न सोडताच रीडिंग घेतलं. एक ओहमच्या आत आलं. इतकं सुंदर रीडिंग माळावरच्या मुरमात येतं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. घरातले गिझर-मोटारींचे अर्थ जी.आय.च्या नळाला चिकटलेले होते आणि तो नळ रस्त्याखालच्या लोखंडी लाइनला. मी खड्डा मोजतच नव्हतो, गल्लीभरची पाण्याची लाइन मोजत होतो. पुढे प्लंबरने तो नळ बदलून प्लॅस्टिकचा टाकला. एका दिवसात त्या घराचं अर्थिंग गेलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या कामासाठी गेलो आणि या वेळी पट्टी सोडून मोजलं, तेव्हा काटा शंभरच्या पुढे गेला.

आणि एक चूक आरसीसीबीची. एका सोसायटीत तो पावसाळ्यात सारखा पडायचा. लोक वैतागले होते, लिफ्ट अडकायची. सेक्रेटरी म्हणाले, “भाऊ, काहीतरी करा, रोज रोज हे चालायचं नाही.” मी दोन वायरी जोडून तो बायपास केला. पंप-रूमच्या दिव्याच्या पेटीत पाणी शिरत होतं आणि बिचारा आरसीसीबी तेच ओरडून सांगत होता. ३० मिलिअँपियर गळती झाली की सप्लाय तोडायचा, एवढंच त्याचं काम. कातळावरच्या ज्या घरात काही केल्या रोध उतरत नाही, तिथे जीव वाचवणारं तेच एक साधन आहे. खड्डा १००० ओहमचा असला तरी ३० मिलिअँपियरला अंगावर ३० व्होल्टच चढतात आणि तेवढ्यात सप्लाय तुटलेला असतो. काकूंच्या घरी तो असता तर गिझरचं एलिमेंट फुटलं त्याच सकाळी घरात अंधार झाला असता आणि काकूंचा खांदा शाबूत राहिला असता. काही महिन्यांनी मी त्या सोसायटीत जाऊन बायपास काढला, पेटी बदलली. मधल्या काळात तिथे काही झालं नाही, यात माझं श्रेय काही नाही.

काकूंच्या घरी बोअर मारून नवीन पाइप घातला, आरसीसीबी बसवला, आणि पाइप कापल्याचं त्यांच्यासमोर सांगितलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी विचारलं, “अजून कुणाकडे असाच कापलाय का?”

कापला होता. वहीत पत्ते होते, तिथे एकेक करून गेलो. काही ठिकाणी मालक बदललेत, काही बंगले पाडून तिथे इमारती झाल्यात, काहींच्या चेंबरवर पार्किंगची फरशी बसलीय आणि ती फोडायला कुणी तयार नाही. अशा घरांत मी निदान आरसीसीबी आहे का ते बघतो. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते दाबून दाखवतो. पण ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे आरसीसीबी चालू आहे, एवढंच. खड्ड्याबद्दल त्यातून काही कळत नाही, हेही तिथेच सांगतो. नाहीतर त्या बटणालाही लोक माझ्या दिव्यासारखंच धरून बसतील. वारज्यात टेकडीच्या बाजूला ज्यांचं घर त्या काळात बांधलंय, त्यांनी येत्या मेमध्ये परवानाधारक वायरमनला बोलवावं, अर्थिंगची पट्टी सोडायला लावावी आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्यावं. त्याने खिशातून दिवा काढला तर त्याला परत पाठवावं.