पावसाळ्यातली बोटं

२००२ चा पावसाळा. कळंब्याला आमच्या कचेरीची छोटी शाखा होती. तिथं नुसता पडदा आणि कीबोर्ड. मुख्य संगणक कोल्हापूर शहरात. मधे टेलिफोनची तार, दोन टोकांना दोन मोडेम. ही व्यवस्था सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं.

शाखेत एक वयस्क कारकून होते. सगळे त्यांना मामा म्हणत. बोलताना ते अडखळायचे. नोंद भरता भरता मधेच फॉर्म रद्द करतात, म्हणून त्यांना मेमो मिळाला. साहेबांसमोर ते "पावसात..." एवढंच म्हणाले. पुढं कुणी बोलू दिलं नाही. मीही तिथंच होतो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, वयामुळं बोटं चुकत असतील.

आठवड्यानं मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. पुढच्या रकान्यात जायला मामांनी खालच्या बाणाचं बटण दाबलं आणि फॉर्म गायब! एस्केपच्या बटणाला त्यांनी हातही लावला नव्हता. मेनूखाली दोन खुणा तेवढ्या उरल्या होत्या : चौकटी कंस आणि बी.

त्यांवरून उलगडा झाला. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासून रूढ झालेली रीत अशी, की खालचा बाण दाबला की एक नव्हे, तीन खुणा जातात : एस्केप, चौकटी कंस, बी. क्रमांक २७, ९१, ६६. पण नुसतं एस्केप दाबलं तरी २७ च जातो. मग संगणकानं ओळखायचं कसं? २७ आला की तो क्षणभर थांबतो. मागून बाकीच्या आल्या तर बाण. नाही आल्या तर एस्केप, म्हणजे रद्द.

उन्हाळ्यात तिन्ही खुणा पाठोपाठ पोचत. पावसात तारेत ओल शिरे, खरखर वाढे, आणि बिघडलेला तुकडा मोडेम पुन्हा मागवून घेई. २७ पोचलेला, बाकीच्या दोघी वाटेत. तेवढ्यात संगणकाचा धीर सुटे.

मुख्य संगणकावर मी प्रत्येक खुणेची वेळ टिपून घेतली. २७ आणि ९१ मधे कधी कधी सेकंदाहून जास्त अंतर पडत होतं. आमचा प्रोग्राम अर्धाच सेकंद थांबायचा. ती मुदत दोन सेकंद केली. पण मग खरं एस्केप दाबणाऱ्याला ताटकळावं लागलं. म्हणून रद्द करायला कंट्रोल-एक्स दिलं. त्याची खूण एकच, तिचे तुकडे होत नाहीत. आजही दूरच्या संगणकावर काम करणाऱ्यांना हा घोळ भेटतो. एनकर्सेस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळात १००० मिलिसेकंद ठेवलेली आहे.

टिपणाचा कागद साहेबांना दाखवला. मेमो मागे घेतला गेला. मी मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, माझंही चुकलं."

ते हसले. "त्या दिवशी त्येच तर सांगत हुतो की. पावसातच हुतंय, उन्हाळ्यात न्हाई. बोटं काय पावसाळ्यातच म्हातारी हुत्यात व्हय?"

वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. या वेळी मी मधे बोललो नाही.