आधी माणसं मोजा

प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रात मी कुणाला दोराला हात लावू देत नाही. जुईनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कॉलेजची मुलं येतात ती दोरावरून उतरायला आणि जखमीला खांद्यावर टाकून धावायला शिकण्यासाठी. बचत गटातल्या बायका येतात, स्टेशनबाहेरच्या स्टँडवरचे रिक्षावाले येतात आणि मी मुद्दाम बोलावतो म्हणून इमारतींचे वॉचमन येतात. प्रत्येकाला मी एक कोरा कागद देतो आणि सांगतो, आपल्या इमारतीचा नकाशा काढा. कुठल्या मजल्यावर कोण राहतं, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाकडे ऑक्सिजनचं मशीन चालू असतं, गच्चीची किल्ली कुणाकडे, पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, विजेचं मेन स्विच कुठे.

मुलांची पेनं लवकर थांबतात. समोरच्या दाराआड कोण राहतं हे अनेकांना ठाऊक नसतं. वॉचमन मात्र लिहीत राहतो. एका वॉचमनला लिहिता येत नव्हतं. तो सांगत गेला आणि शेजारी बसलेली अकरावीतली मुलगी लिहीत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं डायलिसिस कुठल्या वारी असतं, म्हणजे ते घरी कधी नसतात, इथपर्यंत त्याला माहिती होती. मला विचाराल तर त्या हॉलमधला सगळ्यात उपयोगी माणूस तोच होता.

ही सवय मला कारखान्यातून लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात माझी नोकरी झाली. तिथे सायरन वाजला की सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला जमायचं आणि पहिलं काम मोजणीचं. गेटवरच्या हजेरीशी आकडा जुळला नाही, तरच कुणाला तरी शोधायला आत पाठवायचं. आत कुणीच नसताना आगीत माणूस धाडणं हा गुन्हा, आणि आत माणूस असताना तो नाही असं समजणं त्याहून मोठा. सोसायटीला असं हजेरीचं रजिस्टर नसतं. ते शेजाऱ्यांच्या डोक्यातच असावं लागतं.

आमच्यापासून चार स्टेशनांच्या आतच याचं उदाहरण आहे. 27 जुलै 2024 ला पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावातली ‘इंदिरा निवास’ ही इमारत कोसळली. इमारत हलतेय हे काही जणांच्या वेळीच लक्षात आलं, आरडाओरडा झाला, दारं वाजली आणि पन्नासहून अधिक माणसं, लहान मुलांसकट, पडण्याआधी बाहेर आली. अग्निशमन दल आणि एनडीआरएफने नंतर ढिगाऱ्यातून दोघांना जिवंत काढलं, तिघांचे मृतदेह काढले. यंत्रणांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण पन्नास माणसं वाचली ती गाडी निघण्याआधी, ज्यांनी दारं बडवली त्यांच्यामुळे. म्हणून माझ्या वर्गात दार वाजवायचाही सराव असतो. वरून खाली यायचं की खालून वर जायचं, कुठला जिना कुणी घ्यायचा, लिफ्टजवळ कुणी उभं राहून लोकांना अडवायचं, बाहेर आलेल्यांची नावं कुणी घ्यायची.

नावं का घ्यायची, ते मी इर्शाळवाडीवरून सांगतो. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या वाडीवर डोंगर आला. वर गाडीरस्ता नव्हता, जेसीबी जाऊ शकत नव्हता. खोपोली-लोणावळ्याकडची ट्रेकर मंडळी पावसात, अंधारात वर चढली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढताना कोसळले आणि गेले. आणि या सगळ्यात प्रश्न एकच, शोधायचं किती जणांना? कोण घरात होतं, कोण आश्रमशाळेत, कोण मजुरीला बाहेरगावी, याची जुळवाजुळव वाचलेल्यांना विचारून करावी लागली. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 जण बेपत्ता होते. हे आकडे मी वर्गात हळू आवाजात सांगत नाही, स्पष्ट सांगतो.

पुढचं सत्र वाऱ्याचं. जुईनगरच्या एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून सायन-पनवेल महामार्ग आणि त्यावरून जाणारे टँकर. हिवाळ्यात रात्री वारा बऱ्याचदा डोंगराकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे कारखान्यांकडून आपल्याकडे. गळतीचा वास आला की माणूस वासापासून पळतो आणि नेमका वाऱ्याबरोबरच पळतो. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये अनेकांचं तेच झालं. धावताना श्वास वाढला आणि ढग पाठीशीच राहिला. वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालायचं, नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं. बाहेर पडायला वाट नसेल तर खिडक्या, एक्झॉस्ट फॅन, एसी सगळं बंद करून घरात थांबायचं. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो तळमजल्यावर साचतो, म्हणून वर जायचं. अमोनिया हलका, पण थंड गळती दमट हवेत जमिनीलगत सरकते, त्यामुळे तो आपोआप वर उडून जाईल या भरवशावर राहायचं नाही. झेंडा, धूर, वाळत घातलेले कपडे, काहीही बघा, पण पाय उचलण्याआधी वारा बघा.

सगळ्यात कठीण धडा थांबण्याचा. सेप्टिक टँकमध्ये एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि मृतांत मदतीला धावलेलेच जास्त असतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडका वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासाच होतो. मुलांना हे ऐकवत नाही. ‘काका, समोर माणूस मरतोय आणि मी काठावर उभा राहू?’ असं एकाने चिडून विचारलं. हो, उभा राहा. 101 ला फोन कर, झाकणं उघडी ठेव, बाकीच्यांना मागे रेट, दोर असेल तर सोड, पण उतरू नकोस. त्याचा राग मला समजतो. असा राग येणारीच मुलं मला हवी असतात. त्यांना पुढच्या वेळीही जिवंत ठेवणं हे माझं काम.

सीपीआरला बायका मुलांपेक्षा चांगल्या निघतात. छातीच्या मध्यावर, मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान 5 सेंटिमीटर खोल, कोपर न वाकवता. पुतळ्यावर सगळं जमतं, पण परक्या बाईच्या छातीवर हात ठेवायला पुरुष कचरतात. आम्ही हे उघड बोलतो. हृदय थांबलेल्या बाईला वाट बघायला वेळ नसतो.

मग येतात दोर. बोलाइन, क्लोव्ह हिच, चेअर नॉट, बांबू आणि चादरीचं स्ट्रेचर. ज्यांना यापुढे जायचं असेल त्यांना मी आपदा मित्र योजनेकडे पाठवतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या या योजनेत 12 दिवसांचं पद्धतशीर प्रशिक्षण मिळतं आणि ते आमच्या रविवारच्या वर्गापेक्षा कितीतरी सखोल असतं.

पहिल्या सत्रातल्या नकाशांवरून तयार होणारी इमारतीची यादी मात्र वादाचा विषय होतेच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं कागदावर आली आणि तो कागद चोराच्या हाती लागला तर? एका सेक्रेटरींनी हे विचारलं, आणि त्यांची शंका योग्य होती. आता यादी व्हॉट्सॲपवर टाकत नाही. एक प्रत कमिटीतल्या एकाकडे, एक वॉचमनच्या केबिनमध्ये बंद पाकिटात. भाडेकरूंचे करार अकरा महिन्यांचे, त्यामुळे ती पुन्हापुन्हा तपासावी लागते. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मुलं दारोदार जातात.

मागच्या फेरीत अकरावीतल्या त्याच मुलीने एक घर लाल पेनाने गोल करून आणलं. दोघंही नवराबायको कर्णबधिर. ‘आपण दारं वाजवणार, ओरडणार, त्यांना कळणार कसं?’ माझ्या सगळ्या टिपणांत याचं उत्तर नव्हतं. तिने त्यांच्याशीच लिहून बोलणं केलं. बेलला जोडलेला दिवा बसवायचा ठरलं, पण वीज गेली तर तोही बंद. शेवटी त्यांनीच शेजारच्या काकूंकडे जादा किल्ली दिली आणि आतली कडी रात्री लावायची नाही असं कबूल केलं. त्या घरासमोर यादीत आता काकूंचं नाव आहे, आणि काकू गावाला गेल्या तर किल्ली कुणाकडे असेल, त्याचंही.