नकलेतला गंधर्व

अंबाजोगाईच्या महाविद्यालयातील स्नेहसंमेलनांत एका विद्यार्थ्याकडून नामवंत गायकांच्या हुबेहूब नकला मीच वारंवार करवून घेतल्या. टाळ्या वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षी तो गायलाच नाही. तेव्हापासून १९२४ साली बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळींचे बालपण मला अस्वस्थ करते. ध्वनिमुद्रिका ऐकून थोरांची गायकी जशीच्या तशी गाणारा हा मुलगा आधी चाहता होता. ‘कुमार गंधर्व’ हे बिरुद मागाहून आले. कोवळ्या वयातच तो मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकावयास गेला, आणि नकलेपलीकडची स्वतःची गायकी त्याने पुढे घडवली. चरित्रलेखक हे अंतर एका परिच्छेदात ओलांडतात. त्यातली घुसमट रंगविणारी कुमार कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. त्या विद्यार्थ्याच्या हाती काय द्यावे, हे मला तेव्हा सुचले नव्हते. आजही सुचत नाही.