टाळांशेजारची गिटार

माझ्या वडिलांचे टाळ गेली दोन वर्षे देवघरातल्या खुंटीवर टांगलेले होते. ते गेल्यापासून आईने त्या टाळांना हात लावला नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू दिला नाही. नेमक्या त्याच खुंटीखाली आमच्या चिरंजिवांनी एके दिवशी गिटार आणून टेकवली. मी मराठीचा मास्तर, गाव अंबाजोगाई. जिथे मुकुंदराजांची समाधी आहे, जिथे दासोपंतांनी चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढले, त्या गावात देवघराशी गिटार! मी काही बोललो नाही. पण न बोलण्याचेही प्रकार असतात आणि माझा प्रकार घरात सर्वांना ठाऊक आहे.

पुढे एका एकादशीला संध्याकाळी त्याच्या खोलीतून ढोलांचा दणदणाट सुरू झाला. दार लोटणार तोच कानांवर शब्द आले, आणि ते तुकोबांचे!

“हे काय चालवलंस?”

“बाबा, हे अभंग रीपोस्ट.”

ही मुंबईच्या तरुणांची मंडळी. संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम्सच्या साथीने गातात. शब्द संतांचे, बाज रॉकचा. नाव ऐकून मात्र माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. रीपोस्ट म्हणजे एकाने मोबाइलवर धाडलेले दुसऱ्याने पुन्हा धाडणे. आता आमचे कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या याहून निराळे काय करीत आले, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. रागात मास्तरांना प्रश्न सुचत नाहीत, फक्त उत्तरे सुचतात.

चिरंजीव मला इतिहास सांगू लागले. अमेरिकेत सिस्टर रोझेटा थार्प नावाची बाई देवाची गाणी विजेच्या गिटारवर गाई. 1938 साली ती नाइटक्लबात गायली, तेव्हा चर्चची माणसे रागावली. पुढे रॉक अँड रोलवाल्यांनी तिच्याकडूनच पुष्कळ उचलले. “म्हणजे रॉक भजनाच्या घरूनच आलंय, बाबा.” हे जरा ताणलेले होते. निग्रो मजुरांचे ब्लूज कुठे गेले, असे मी विचारणार होतो. पण माझे लक्ष एव्हाना ठेक्याकडे गेले होते.

वर्गात मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे : मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. इथे अक्षरे मोजायची, मात्रा नव्हेत. म्हणून तर गाणाऱ्याला एखादे अक्षर लांबवायची किंवा आखडायची मोकळीक मिळते. भजनी ठेका आठ मात्रांचा; रॉकची चाल चार-चारांची. दोन्ही एकमेकांत बसणारच! फरक जोराचा. ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर दणका देतो, तो माझ्या कानांना अजून खटकतो. आणि खरी तक्रार निराळीच आहे. वाद्ये चढली, की शब्द बुडतात. पोरे डोलतात, पण चरणाचा अर्थ विचारावा तर माझ्या वर्गात असतात तशीच गप्प.

हे मी त्याला ऐकवीत होतो, तोच आई दारात येऊन उभी राहिली.

“चाल काही आपली नाही,” ती म्हणाली. “पण पोरं ठेका सोडत नाहीत. तुझे वडील घाईत सोडायचे.”

दोन वर्षांत ती त्यांच्याबद्दल हसून बोललेली मी प्रथमच ऐकत होतो. नातवाने गिटार उचलली. चार ओळी झाल्या आणि आजी म्हणाली, “थांब रे. ते वाजवणं जरा हळू कर, शब्द ऐकू येऊ दे.” मग तिने खुंटीवरचे टाळ काढले. पहिल्याच ठोक्याला दोरी तुटली. दोन वर्षांत ती पार कुजली होती. एक टाळ गडगडत पलंगाखाली गेला.

तो काढायला मीच वाकलो. दुकाने बंद व्हायला अर्धा तास होता. मी सायकल काढली आणि दोरी आणायला निघालो.