खवल्याची साक्ष

अलिबागला आजवर आम्ही अनेकदा गेलो. कुलाब्याचा किल्ला पाहिला, ओहोटीच्या वेळी चिखल तुडवीत त्याला प्रदक्षिणाही घातली, आणि परतताना पांढरे कांदे पिशवीत घालून आणले. पण त्या गावात एक 'इस्रायल आळी' आहे आणि तिथे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, हे मात्र आम्हांला मुंबईतल्या एका स्नेह्यांनी सांगितले तेव्हा कळले. "आमच्या आत्याबाई तिथे असतात. जाच तुम्ही," असे म्हणून त्यांनी पत्ताही दिला.

गेटवेहून मांडव्याला लाँच, पुढे बस, असा आमचा उभयतांचा प्रवास झाला. अलिबागच्या बाजारात ताज्या कोळंबीचे ढीग पाहून सौ.चा पाय निघेना. कोणाकडे पहिल्यांदा जायचे तर रिकाम्या हाताने कसे जायचे, असा मुद्दा तिने काढला, आणि एक वाटा कोळंबी पिशवीत पडली.

आत्याबाईंचे घर चारचौघांच्या घरांसारखेच. अंगणात तुळस नाही आणि दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी ठोकलेली, एवढाच काय तो फरक. त्या नळीत धर्मवचन लिहिलेली गुंडाळी असते. आत्याबाई ऐंशीच्या घरातल्या, पातळाचा पदर खोचलेला, आणि बोलणे असे अस्सल आगरी-कोकणी वळणाचे की आपणच परके वाटावे. सौ.ने मोठ्या कौतुकाने पिशवी पुढे केली. आत्याबाईंनी आत डोकावून पाहिले आणि हसून म्हणाल्या, "बाई गं, प्रेमाने आणलंस, पण हे आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. ओटीवरच्या खुंटीला अडकव, जाताना घेऊन जा."

आमचे चेहरे पडले. पण त्या पिशवीमुळेच सगळी कथा ऐकायला मिळाली.

बेने इस्रायल लोक आपला इतिहास असा सांगतात की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळच्या समुद्रात फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावर पुरली. ती जागा नवगावला आजही दाखवतात. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू गेली, आणि ही मंडळी मराठी बोलू लागली. तेलाचा घाणा हा धंदा झाला. गावोगाव राहिले, तसे रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर झाले. मात्र शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवले 'शनिवार तेली'.

पुढे दावीद राहाबी नावाचा एक धर्मज्ञ ज्यू या भागात आला. शनिवार पाळणारे हे लोक आपल्याच धर्माचे असावेत असा त्याला संशय आला. पण विचारायचे काय? हिब्रू तर त्यांना येत नव्हती. तेव्हा त्याने म्हणे एक युक्ती केली. निरनिराळ्या जातींची मासळी आणून बायकांच्या पुढे ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी घेतली आणि बाकीची बाजूला सारली. राहाबीला ओळख पटली. त्याने त्यांच्यातले तिघे तरुण निवडून त्यांना धर्मविधी शिकवले.

"म्हणजे बघा," आत्याबाई म्हणाल्या, "पुरुषांच्या पोथ्या बुडाल्या. बायकांची विळी तेवढी तरली."

ज्यूंच्या धर्मशास्त्राप्रमाणे ज्या जलचराला पर आणि खवले आहेत तोच खाण्याजोगा. पापलेट चालते, बांगडा चालतो, रावस चालतो. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, शिंगाळा, मोरी ही मात्र वर्ज्य. वाळवंटातल्या माणसाला कोळंबी सोडणे सोपे. कोकणच्या किनाऱ्यावर, शेजारच्या घरातून कोळंबीच्या कालवणाचा वास येत असताना शतकानुशतके ती न खाणे, याला निग्रह लागतो.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. करडाला त्याच्या आईच्याच दुधात शिजवू नये अशी आज्ञा त्यांच्या ग्रंथात तीनदा आली आहे. त्यावरून मटणाच्या जेवणाला दूध, दही, तूप वर्ज्य झाले. पण कोकणात नारळाला काय तोटा? मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात, आणि जेवणावरचे गोडही नारळाच्या दुधातले. त्यांच्या नव्या वर्षाला, म्हणजे 'नव्याच्या सणा'ला, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात घोटलेला हलवा करतात. तो ढवळता ढवळता हात भरून येतात. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो. त्या वेळी द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणावा लागतो. खेड्यापाड्यांत द्राक्षारस कुठला? मग काळ्या मनुका भिजवून, कुसकरून त्यांचे सरबत करायचे. शास्त्र यहुदी, पण वाटण कोकणी!

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. गोमांस त्यांच्या धर्माला निषिद्ध नाही, तरी हिंदू शेजाऱ्यांत राहून या लोकांनी ते सोडले होते. सणांची नावे तरी पाहा: खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्याचा शोक ज्या दिवशी पाळायचा, त्या दिवसाचे नाव पडले वालाच्या बिरड्यावरून!

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळे. लग्न असो, नवे घर असो, फेडायचा नवस असो, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा व्हायचा. हा प्रेषित स्वर्गाला जाताना अलिबागजवळच्या खंडाळे गावी टेकला, अशी श्रद्धा आहे. तिथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या म्हणून दाखवतात.

1948 साली या समाजाची वस्ती सुमारे वीस हजार होती. त्यानंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. तिथे 1960 नंतरच्या दोन-चार वर्षांत, हे लोक विवाहाच्या दृष्टीने खरे ज्यू मानायचे की नाही, असा प्रश्न तिथल्या धर्मगुरूंनी काढला. या मंडळींनी मोर्चे काढले, धरणे धरली. अखेर 1964 साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे तिथे मान्य झाले.

"माझे थोरले दीर होते त्या मोर्चात," आत्याबाई म्हणाल्या. "इथे खवले बघून ओळखलं आम्हांला, आणि तिथे कागद मागितले."

आता 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे साऱ्या भारतात ज्यू पाच हजारही नाहीत. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते दहा जमवणे अलिबागलाही सोपे राहिलेले नाही. आत्याबाईंचा मुलगा अश्दोदला असतो. नातसून फोनवर विचारते, नारळाचे दूध फाटू नये म्हणून काय करायचे? "मी सांगते, मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा. प्रार्थना तिला माझ्यापेक्षा चांगली येते. हे तेवढं माझ्याकडून न्यायचं राहिलंय."

निघताना त्यांनी मलिद्याचा डबा सौ.च्या हातात दिला. खुंटीवरची पिशवी आम्ही घेतली. बसमध्ये सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नसत. मी त्यांना हसत असे. का खात नाही, हे कधी विचारलंच नाही."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षे झाली. त्या रात्री आमच्या घरी कोळंबी शिजली नाही. मलिदा मात्र सगळ्यांनी वाटून खाल्ला.